‘बाबासाहेबांकडे काय होतं?’ – त्या फॉरवर्डला उत्तर

दहावी-बारावीचे निकाल लागले की बडोद्यातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. थोडक्यात असा: दिवसाचे तास सगळ्यांना चोवीसच. बाबासाहेबांकडे काय होतं, तरी ते अमेरिकेला जाऊन शिकले. आता शाळा फुकट, पुस्तकं फुकट. एवढं असून मागे राहतो तो आळशी; घरची परिस्थिती ही सबब. खाली पुस्ती: शेवटी हुशारी रक्तातच असावी लागते.

मेहनत लागते, यावर वाद नाही. बाकीचं एकेक घेऊ.

‘बाबासाहेबांकडे काय होतं?’

निदान बडोदेकराने तरी हा प्रश्न विचारू नये. वडील लष्करी शाळेत शिक्षक, म्हणजे घरात अक्षर होतं. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती होती. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी, असा करार झाला. बुद्धी अलौकिक होतीच, पण तिच्यामागे कुणीतरी रोख रक्कम उभी केली होती.

फॉरवर्ड इथेच थांबतो, पुढचं सांगत नाही. १९१७ साली ते करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले. पदवी कोलंबियाची, नोकरी दरबारची, आणि शहरात राहायला खोली मिळेना. पारशी असल्याचं भासवून पारशांच्या विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी तिथून बाहेर काढलं. मग कमाटीबागेत पाच तास काढून रात्रीची मुंबईची गाडी धरली. शिक्षणाने पार्श्वभूमी पुसली जाते, या दाव्यासाठी याहून उलटं उदाहरण सापडणं कठीण.

‘हे शंभर वर्षांपूर्वीचं’ असं कुणी म्हणेल. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ सालचा आहे. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढची पायरी गाठण्याची शक्यता, ऑड्सच्या मापात (होण्याची शक्यता भागिले न होण्याची), ०.६७ पट निघाली. मुस्लिम नावाला ०.३३ पट. या अर्जांमागे माणसंच नव्हती, तेव्हा कुणी आळस केला असंही म्हणता येत नाही.

शिवाय एका उदाहरणातून ‘हे शक्य आहे’ इतकंच कळतं. किती जणांना शक्य आहे, ते मोजावं लागतं. संधीचा देश म्हणून मिरवणाऱ्या अमेरिकेत अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी कररेकॉर्डवरून मोजलं. उत्पन्नाच्या तळच्या पाचव्या हिश्शातल्या घरांची शंभर मुलं घेतली, तर वरच्या पाचव्या हिश्शात साधारण साडेसात पोचतात. घराचा काहीच परिणाम नसता, तर वीस पोचली असती. हाच आकडा शार्लट भागात ४.४ आहे आणि सॅन होजे भागात १२.९. एवढ्या अंतराला मुलांचा आळस कारण म्हणायचा, तर आळसही शहर बघून येतो असं मानावं लागेल.

‘हुशारी रक्तातच असते’

अनुवंशिकतेचा वाटा असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे की रक्त तेच ठेवून परिस्थिती बदलली तर काय होतं. त्याचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच शहराच्या इतिहासात आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ, वय बारा, तोवर शिक्षण जवळपास नाहीच. १८७५ साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं, इलियट साहेबांसारखे शिक्षक दिले, आणि त्याचे सयाजीराव झाले. त्यांनीच १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते संस्थानभर नेलं.

हेही एकच उदाहरण झालं, आणि आमचा आक्षेप तर एकेकट्या उदाहरणांवरच आहे. म्हणून एक मोठा प्रयोग पाहा. अमेरिकेतल्या पाच शहरांत १९९४ ते १९९८ दरम्यान गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून कमी गरिबीच्या भागात घर घेण्यासाठी भाड्याची मदत दिली. चिठ्ठी निघालेली आणि न निघालेली कुटुंबं सारखीच होती. आईबाप तेच, रक्त तेच. तेरा वर्षांच्या आत नव्या वस्तीत गेलेल्या मुलांची विशी-पंचविशीतली कमाई ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तेराव्यानंतर गेलेल्यांना तसा फायदा दिसला नाही.

‘चोवीस तास सगळ्यांना’

तास सारखे, डोक्यावरचं ओझं सारखं नसतं. तामिळनाडूतल्या ४६४ ऊसउत्पादकांची चाचणी संशोधकांनी दोनदा घेतली: तोडणीच्या आधी, हात तंग असताना, आणि तोडणीचे पैसे आल्यावर. तोच माणूस, पण पैशांची विवंचना असताना तर्काच्या कोड्यांत कमी पडला. हा अभ्यास २०१३ सालचा. भाडं थकलेल्या घरात बीजगणित सोडवणाऱ्या मुलाची गत वेगळी कशी असेल?

‘शाळा फुकट आहे की’

फी म्हणजे शिक्षणाचा खर्च नव्हे. बारावी झालेला मुलगा मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत महिना १२ हजारांवर लागू शकतो, असं धरा. तीन वर्षांच्या पदवीची खरी किंमत मग फी अधिक ४ लाख ३२ हजार रुपये, म्हणजे घरात न आलेला पगार. ज्या घराला त्या पगाराची गरज नाही, तिथे हा खर्च दिसतही नाही.

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचंही तसंच. तामिळनाडूत न्या. ए. के. राजन समितीने नोंदवलं की एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्यांत पुन्हा परीक्षा दिलेल्यांचं प्रमाण २०१६-१७ साली, तिथे नीट लागू होण्याआधी, १२.४७ टक्के होतं, ते २०२०-२१ साली ७१.४२ टक्क्यांवर गेलं. वर्षभर न कमावता क्लास लावून घरी बसणं कुणाला परवडतं, ते वेगळं सांगायला नको.

आणि शर्यत शाळेच्या आधीच सुरू झालेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुलं देशात ३५.५ टक्के आहेत, गुजरातेत ३९. सर्वांत गरीब पाचव्या हिश्शात ४६ टक्के, सर्वांत श्रीमंत हिश्शात २३. आहारासोबत मेंदूची वाढही मार खाते, आणि बालवाडीत पाऊल टाकण्याआधी!

आता फुकट मिळणाऱ्या गोष्टींबद्दल, कारण त्या आहेत आणि घ्यायलाच हव्यात. आठवीत असताना एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते: सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतला विद्यार्थी, सातवीला ५५ टक्के, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. पास होऊन यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. इथे मुलं गणितात कमी अडतात, कागदांत जास्त. मराठी घरांत तर हमखास: शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे ‘राव’ लागलेला, कुठे गळलेला. पैसे थेट खात्यात येतात, तेव्हा खातं मुलाच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं लागतं. अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करायचं.

ज्या घरात हे फॉर्म भरलेले कुणी आहे, तिथे ही दुरुस्ती सातवीतच झालेली असते. बाकीच्या घरांत चूक कळते ती पैसे न आल्यावर, आणि मग आई रोजंदारी बुडवून आवकेच्या (उत्पन्नाच्या) दाखल्याच्या रांगेत उभी राहते. निकालानंतर ग्रुपवर काही फिरवायचंच असेल, तर आठवीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना एवढंच कळवा: शाळेचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवा आणि नावाची अक्षरं एकेक करून जुळवून पाहा. जिथे जुळत नाही, तिथे शाळेत अर्ज जूनमध्येच द्या.