आजीचा बंब आणि मोदेनाचा हातोडा

दिवाळीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चकल्यांच्या फोटोंमध्येच वाद पेटला. मावसभावाने पिनिनफरिना बत्तिस्ताचा फोटो टाकला. विजेवर चालणारी, १९०० अश्वशक्तीची, इटलीत हाताने जोडलेली गाडी. खाली लिहिलं, 'मालक कोण? आपले महिंद्र!' खोटं नाही ते. पिनिनफरिना घेण्याचा सौदा महिंद्रने २०१५ मध्ये केला आणि बत्तिस्ता बनवणारी कंपनीही त्यांचीच. त्यावर काकांनी टोला हाणला, 'पैसा आपला, इंजिनिअर आपले, पण अक्कल त्यांची.' मी इटलीत मोदेनाजवळ राहतो आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

आता इथे राहून मला 'आपलं' आणि 'त्यांचं' यातलं काहीच धड सांगता येत नाही. लॅम्बोर्गिनी १९९८ पासून जर्मन आऊडीकडे आहे. बत्तिस्ताची बॅटरी आणि मोटारी क्रोएशियाच्या रिमाकच्या. आणि इटालियन कारागिरीचा कळस म्हणून जिचं नाव घेतात त्या पगानी गाडीचं इंजिन मर्सिडीज-एएमजीचं, तर संस्थापक होरासिओ पगानी अर्जेंटिनाचे. स्वदेशीचा शिक्का मारायचा तरी कुठे?

पगानींची गोष्ट मात्र काकांना ऐकवावी अशी आहे. १९८३ मध्ये ते इटलीत आले आणि लॅम्बोर्गिनीत कार्बन फायबरवर काम करू लागले. राळ लावलेला हा कार्बनचा धागा पक्का करायला ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे उष्णता आणि दाब देणारी भलीमोठी भट्टी. ती घ्या म्हटल्यावर वरून उत्तर आलं, फेरारीकडे नाही, मग आपल्याला कशाला? या गृहस्थाने कर्ज काढून स्वतःच ती विकत घेतली. १९९९ मध्ये त्यांची झोंडा ही गाडी आली ती या हट्टातून.

सान चेझारियोतला त्यांचा कारखाना मी पाहून आलो. कार्बनचं राळ लावलेलं कापड उणे अठरा अंशांच्या फ्रीजरमधून काढतात, कापतात, मागचा कागद सोलतात आणि साच्यात बोटांनी दाबत थरावर थर बसवतात. एक मुलगी बॉनेटचा भाग लावत होती. डाव्या-उजव्या बाजूची वीण मध्यरेषेवर माशाच्या काट्यासारखी मिळायला हवी. चांगला शिंपी चौकटीच्या शर्टाला खिसा लावताना रेघ जुळवतो, अगदी तसं. तिने एक पट्टी बसवली, मान तिरकी करून पाहिली, उचकटली आणि पुन्हा लावली. युटोपिया या मॉडेलच्या कूपे फक्त ९९, प्रत्येकीची किंमत वीस लाख युरोंच्या वर. (कुणाला परवडतात, हा वेगळा वाद. तो मी ग्रुपवर काढत नाही.)

सगळंच हाताने होतं, असा भाबडा समज नको. मॅरानेल्लोत फेरारीच्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे झडपा जिथे टेकतात त्या कड्या, बसवणारी यंत्रमानवांची जोडी आहे, तिला रोमिओ-ज्युलिएट म्हणतात. कडी द्रव नायट्रोजनमध्ये गारठवून आकसवायची, इंजिनाच्या हेडमध्ये सरकवायची. ती उबदार झाली की फुगून घट्ट बसते. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, त्याचाच हा उलटा प्रयोग.

पण मला बोलायचंय ते हातोड्याबद्दल. इथे पत्रा ठोकून गाडीचं अंग घडवणाऱ्याला बात्तिलास्त्रा म्हणतात. सेर्जिओ स्कालिएत्ती असेच एक. वडील गेल्यावर तेराव्या वर्षी कामाला लागलेला मोदेनाचा पोरगा. वाळू भरलेल्या पिशवीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून तो नजरेच्या अंदाजाने ठोकायचा. फेरारीच्या कितीतरी गाड्यांची अंगं त्याच्या दुकानात घडली. २००४ मध्ये फेरारीने एका गाडीचं नावच ६१२ स्कालिएत्ती ठेवलं. पत्रा ठोकणाऱ्याचं आडनाव, गाडीवर!

इथेही सगळं आलबेल नाही. माझे शेजारी निवृत्त बात्तिलास्त्रा आहेत, मुलगा बँकेत. बापाचे हातोडे गॅरेजमध्ये तेल लावून ठेवलेत, पण त्यांना हात लावणारं कुणी नाही.

तरी मला राहून राहून पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी आठवते. तांब्याचा पत्रा मठारताना ठोक्यागणिक तो कडक होतो, चकाकतो आणि आकारही धरतो. धातुशास्त्रात हे मी नंतर शिकलो, त्या आळीतून शाळेत जाताना ते कानावर पडतच होतं. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस घासून 'जॉब', म्हणजे मापात बसणारा धातूचा तुकडा, करायचा होता, तेव्हा आम्ही चौघांनी तो बाहेरून पैसे देऊन करवून आणला. सरांना ठाऊक होतं. घरीही कुणाला काही वाटलं नाही, मार्क चांगले पडले ना! काका, अक्कल कुणाची हा प्रश्नच नाही. आपल्याकडे हातोडा एका जातीकडे दिला आणि डिग्री दुसरीकडे, दोघं कधी एका टेबलाशी बसलेच नाहीत. महिंद्रने इटलीत कंपनी घेतली म्हणून ते टेबल पुण्यात येणार नाही.

एवढं सगळं ग्रुपवर कोण वाचणार? मी फक्त विचारलं, आजीचा आंघोळीचा बंब कुणी घडवला होता, कुणाला नाव आठवतंय?

बराच वेळ सगळं शांत. मग मावसभावाचा मेसेज आला, 'गीझर बसवला तेव्हा भंगारात दिला ना तो. किलोवर.'