छंदाचा बंदोबस्त कसा करावा

रविवारी दुपारी तुम्ही काहीतरी करत बसता आणि कुणी "हे कशासाठी?" असं विचारलं तर धड उत्तर देता येत नाही. ही गोष्ट वेळीच मनावर घ्या. आधी एखादं चित्र, मग दोन-चार कुंड्या, मग कुठल्याशा वाद्यावर तीच ती ओळ पुन्हा पुन्हा, असं करत करत चांगला कमावता माणूस विनाकारण खूश राहायला लागतो. घरच्यांना वाटतं, बसलाय बापडा कोपऱ्यात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुखणं असंच अंगावर काढलं जातं.

छंदावर बंदी घालून काही साधत नाही, हे आधीच सांगतो. बंदी घातली की माणूस तेच चोरून करतो आणि चोरून करण्यात त्याला दुप्पट गोडी लागते. खात्रीचा उपाय एकच, छंद गांभीर्याने घ्यायचा. गांभीर्याने घेतलेला छंद फार दिवस जगल्याचं निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

सुरुवात सामानापासून करा. समजा, तुम्हाला रेखाटनं काढायची खोड आहे. सध्या तुमच्याकडे काय आहे? एक ४बी पेन्सिल, तीही अर्धी झिजलेली, मागच्या टोकाला दातांच्या खुणा, आणि थोडे पाठकोरे कागद. दाराशी काढून ठेवलेला चपलांचा जोड तुम्ही काढायला घेता. एक चप्पल पालथी पडलेली असते. तिचा तळ टाचेच्या बाहेरच्या अंगाला जास्त झिजलाय, हे तुम्हाला पहिल्यांदाच दिसतं. अंगठ्याखालचा खळगा काळा करता करता तासभर निघून जातो, करंगळीखालची तळहाताची कड ग्राफाइटने चंदेरी होते, तोच हात कपाळाला लागतो आणि आरशासमोर जाईपर्यंत पत्ता नसतो. जमलं तर जमलं, नाही तर कागदाचा बोळा. नुकसान काहीच नाही. छंदाचा सगळा जीव या 'नुकसान काहीच नाही'मध्ये असतो, तेव्हा पहिला घाव तिथेच बसला पाहिजे.

त्यासाठी पेन्सिलींचा पूर्ण संच आणा. ९एचपासून ९बीपर्यंत, मधल्या एफ आणि एचबी धरून वीस प्रकार होतात. एच म्हणजे कडक आणि बी म्हणजे काळी, एवढं कळलं की भागलं असं समजू नका. कुठल्या सावलीला ५बी आणि कुठल्या सावलीला ६बी, यावर लोक लांबलचक व्हिडिओ करतात, ते आधी बघून घ्या. मग कागद. जाड, आम्लरहित, पिढ्यान्‌पिढ्या पिवळा न पडणारा. आता अशा कागदावर पालथी चप्पल काढायचा धीर कुणाला होणार? नाहीच होत. वही कपाटात जाते, 'काहीतरी भारी सुचलं की काढू' या बोलीवर, आणि भारी काही सुचायची वाट बघण्यात वर्षं सुखाने जातात. संचातल्या वीस पेन्सिलींची टोकं तेवढी अणकुचीदार राहतात.

काही छंद इतके फाटके असतात की त्यांना सामानच लागत नाही. चालणं, वाचणं, गॅलरीत उभं राहून नुसते पक्षी बघणं. असल्यांवर मोजमापाचा इलाज करावा. फिरायला जाणाऱ्याच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधा आणि रोजची दहा हजार पावलं नेमून द्या. दहा हजारच का, असं विचारू देऊ नका. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावातच हा आकडा होता. दिसायला गोल, लक्षात ठेवायला सोपा. वैद्यकीय संशोधकांनी त्याची नीट विचारपूस केली ती कितीतरी वर्षांनी, आणि बराचसा फायदा त्याहून कमी पावलांतही पदरात पडतो असं त्यांना आढळलं. पण तोवर आकडा घरोघरी जाऊन बसला होता, त्याला उठवणार कोण?

घड्याळ बांधल्यावर रुग्णात पडणारा फरक बघण्यासारखा असतो. पूर्वी हा माणूस वाटेत थांबायचा. कुणी ओळखीचं भेटलं की थांबला, फांदीवर काही हललं की मान वर करून उभा. आता थांबलं की आकडा थांबतो, म्हणून ओळखीचं माणूस समोरून येताना दिसलं की तो रस्ता ओलांडतो. रात्री पावणेबाराला आकडा नऊ हजार सहाशेवर अडकलेला असेल तर सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालतो. घरातले त्याला पाय आत घेऊन वाट करून देतात. त्यांनाही आता सवय झालेली असते. आणि एखाद्या दिवशी घड्याळ चार्जिंगला विसरून दोन तास रमतगमत फिरून आला तर "आजचं फिरणं फुकट गेलं" म्हणून मनापासून हळहळतो. इथवर आणलंत की फिरण्याचा नाद सुटला म्हणायचा. उरली ती ड्यूटी.

वाचनालाही हाच उतारा लागू पडतो. जानेवारीत पुस्तकांचा आकडा चारचौघांत जाहीर करा. ऑक्टोबरच्या सुमारास हिशोब मागे पडला की पुस्तक निवडायची कसोटी आपसूक बदलते. आधी पानं किती, मग टाइप मोठा आहे का, लेखक कोण ते सगळ्यात शेवटी. ऐकायची पुस्तकं दीडपट वेगाने लावावीत. नायिका मरते तो प्रसंगही दीडपट वेगाने उरकतो आणि डोळ्यांत पाणी यायला सवड मिळत नाही.

आता बक्षीस. या औषधाची तर रीतसर चाचणी झालेली आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीच्या वयाची मुलं निवडली, आणि तीही मार्करने चित्रं काढायची मुळातच हौस असलेली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल, फीत आणि सोनेरी शिक्का लावलेलं. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे काही दिवसांनी वर्गात मार्कर मोकळेच ठेवले आणि कोण काय करतं ते लपून पाहिलं. ज्यांना बक्षिसाचं आधी कबूल केलं होतं, त्यांनी मार्करकडे दिलेला वेळ काहीच न मिळालेल्या मुलांच्या जवळपास निम्म्यावर आला होता. प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा फीत कापून, शिक्का मारून प्रमाणपत्र हाताने बनवावं लागायचं. आता प्रत्येक चित्राखाली अंगठा आणि बदाम मोजून मिळतात, तेही अंथरुणात पडल्या पडल्या. विज्ञानाने केवढी सोय केली!

तरीही छंद तग धरून असेल तर त्याला कमाईला लावा. यात तुम्हाला स्वतःहून फारसं काही करावं लागणार नाही, कारण "तुझ्या हातात कला आहे, विकत का नाहीस?" असं म्हणणारा हितचिंतक प्रत्येकाच्या गोतावळ्यात असतो. त्याचंच पहिलं काम घ्या. त्याच्या कुत्र्याचं चित्र. तुम्ही काढता. तो म्हणतो, "छान आहे रे, पण डोळे जरा मोठे कर ना." करता. "आता मोठे झाले, पण भाव नाही आला. आमचा टॉमी खट्याळ आहे, हा गंभीर वाटतोय." भाव आणता. मग त्याच्या बायकोला मागे डोंगर हवे असतात. तिसऱ्या दुरुस्तीला तुम्ही तोंडातल्या तोंडात टॉमीबद्दल जे बोलता ते इथे लिहिता येणार नाही, पण छंदाचं काम तिथे तमाम झालेलं असतं. मोबदला मागायची तुम्हाला लाज वाटते आणि विचारायची त्याला आठवण राहत नाही, ही वरकड दक्षिणा.

ज्यांनी ही काळजी घेतली नाही, त्यांचं काय झालं? इतिहास अशा वाया गेलेल्या माणसांनी भरलेला आहे. डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हान लेव्हेनहूकचा कापडाचा धंदा होता. गप कापड विकायचं सोडून हा बाबा इवलीशी भिंगं घासत बसायचा, त्यातून तळ्यातलं पाणी बघायचा, दातांवरची पुटं खरवडून बघायचा. लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं लिहायची सवय लागली ती १६७३ साली, आणि १७२३ मध्ये नव्वदीत मरेपर्यंत गेली नाही. १६७६च्या पत्रात त्याने ज्या सूक्ष्म जिवांचं वर्णन केलं ते जिवाणू होते, हे सगळं ठीक. पण धंद्याची दृष्टी? आपली उत्तमातली भिंगं कशी बनतात ते त्याने कुणाला धड सांगितलंच नाही. ना कोर्स काढला, ना 'सात दिवसांत सूक्ष्मदर्शक' अशी कार्यशाळा घेतली. पिएर द फर्माची तीच गत. पेशाने कायद्याचा माणूस, गणित फावल्या वेळात. १६३७च्या सुमारास पुस्तकाच्या समासात एक प्रमेय मांडून मोकळा झाला की माझ्याकडे याची सुरेख सिद्धता आहे, पण समासात जागा पुरत नाही. पुढे कुणी मुदत घातली नाही, कुणी आठवणीचा ईमेल पाठवला नाही. शेवटी गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांची सिद्धता १९९५ साली छापून आली. साडेतीनशे वर्षांची दिरंगाई, आणि जाब विचारायला वरिष्ठ कुणी नाही.

त्यातल्या त्यात विल्यम हर्शेल नशीबवान. संगीतावर पोट भरायचा आणि रात्री घरामागच्या बागेत स्वतः बनवलेली दुर्बीण लावून बसायचा. १७८१ मध्ये त्याला युरेनस सापडला आणि राजाने खूश होऊन पगार सुरू केला. त्याबरोबर राजघराण्याला आणि त्यांच्या पाहुण्यांना आकाश दाखवायचं कामही आलं. कल्पना करा, थंडीची निरभ्र रात्र, तुम्हाला तुमचे तारे बघायचेत, आणि मागे रांगेत उभे पाहुणे. छंदाची नोकरी झाली की पाहुणे येतातच.

छंद गेला म्हणून हात हलवत बसायचं कारण नाही. मतं शिल्लक राहतात, आणि ती छंदापेक्षा कितीतरी टिकाऊ असतात. कॅमेरा धूळ खात पडला तरी हल्लीच्या पोरांना प्रकाश कळत नाही, हे म्हणता येतं. गिटारची तार कधीच तुटलेली असली तरी जुन्या रेकॉर्डिंगमध्ये जी ऊब होती ती आता नाही, हे मान तिरकी करून सांगता येतं. प्रत्यक्ष काही करणाऱ्या माणसाला अशी ठाम मतं परवडत नाहीत. त्याचा हात रोज चुकत असतो.

आता मोकळ्या वेळेचा एवढा कडक हिशोब ठेवल्यावर आराम करायचा कुठे? ऑफिसात. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली लिहून ठेवलं आहे की जेवढा वेळ हाताशी असेल तेवढं काम फुगत जातं. फुगू द्या. त्यांनीच पुढे एक काल्पनिक समितीही रंगवली होती. अणुभट्टीचा प्रस्ताव अडीच मिनिटांत मंजूर, कारण त्यातलं कुणाला फारसं कळत नाही. सायकली ठेवायच्या शेडवर मात्र पाऊण तास चर्चा, कारण शेड सगळ्यांनीच पाहिलेली. तुमच्या बैठकीतही शेड शोधा. सादरीकरणाच्या पहिल्या पानावरचा निळा रंग जरा जास्त गडद वाटतो का, एवढंच विचारा आणि मागे टेकून बसा. घरी ज्या माणसाला सावलीला ५बी की ६बी हे ठरवताना घाम फुटतो, तोच माणूस इथे निळ्या रंगावर निवांत, हसतखेळत, कशाचीही चिंता न करता अर्धा तास बोलतो. हौस म्हणतात ती हीच, फक्त पगारी.

एक धोका मात्र राहतो. बैठक लांबली, निळ्याचा विषय संपून हिरवा निघाला, की तुमचा हात आपोआप वहीच्या समासात चौकोन काढायला लागतो. चौकोनाला सावली येते. सावलीखाली एक चप्पल येते. दडपून टाकायला जाऊ नका, कारण इथे शास्त्र तुमच्या विरोधात आहे. जॅकी अँड्रेड यांच्या २००९ सालच्या प्रयोगात कंटाळवाणा फोन-निरोप ऐकताना आकृत्या रंगवत बसलेल्यांना, नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा २९ टक्के जास्त तपशील आठवले होते.

म्हणजे ही सवय उपयोगी आहे. झालं तर मग. ही माहिती लगेच मनुष्यबळ विभागाला कळवा. पंधरवड्याच्या आत 'सर्जनशील रेघोट्या' नावाचं शिबिर लागेल, शुक्रवारी चार ते पाच, उपस्थिती सक्तीची, पेन्सिली कंपनीच्या, उत्कृष्ट चौकोनाला प्रमाणपत्र आणि शेवटी अभिप्रायाचा फॉर्म. फॉर्म पाच वाजेपर्यंत भरायचा आहे.