रफीसाहेबांच्या कबरीवर रील कशी काढावी

तारीख ३१ जुलैचीच धरा. २४ डिसेंबरही चालते, पण जयंतीला डोळ्यांत पाणी आणणं जरा जड जातं. शिवाय १९८० साली अंत्ययात्रेलाही असाच धो धो पाऊस होता, हे वाक्य कॅप्शनसाठी आयतंच मिळतं.

सांताक्रूझ पश्चिमेला जुहूच्या कब्रस्तानात शिरलात की कबर शोधत बसू नका. ती नाहीये. जागा पुरेना म्हणून २०१० साली जुन्या कबरी काढून, वर माती टाकून नव्या दफनांसाठी जमीन केली. रफी, मधुबाला, साहिर, नौशाद, तलत महमूद, सगळ्यांच्याच गेल्या. जुने चाहते एका नारळाच्या झाडावरून जागेचा अंदाज बांधतात. तुम्हाला कशाला हव्यात त्या उठाठेवी? फ्रेममध्ये बरा दिसेल तो माड निवडा.

चपला घालूनच फिरा, चिखल असतो.

ब्लूटूथ स्पीकर न्याच. 'शोधिसी मानवा' लावा म्हणजे मराठी प्रेक्षकही मिळतात. चाल श्रीकांत ठाकऱ्यांची, हे सांगितलंत तर अभ्यासू दिसाल. देव बाहेर कशाला शोधतोस असं ते गाणं विचारतं, तिकडे लक्ष देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फ्रेममध्ये कोणी येत असेल तर त्याला हटवा. यंदा एका तरुणाने हे फारच सुंदर करून दाखवलं. माडापासून चार पावलांवर एक म्हातारे चाचा फातिहा पढत होते. समोर मातीचा ताजा ढिगारा, वर गुलाबाच्या ओल्या पाकळ्या. हा म्हणाला, "अंकल, दो मिनट साइड में होना, रफीसाब का शूट है." आणि चाचा झाले हो बाजूला! हात तसेच पसरलेले, ओठ हलत होते. मग हा पठ्ठ्या त्यांच्या जागेवर जाऊन उभा राहिला, म्हणजे निम्मा त्या ढिगाऱ्यावरच. पाकळ्या पायाखाली. पहिला टेक बिघडला, कारण डोळे पुसताना गॉगल आडवा आला. कब्रस्तानात, भर पावसात, गॉगल! दुसऱ्या टेकला स्पीकर बंद पडला. तिसऱ्याला पाऊस वाढला, म्हणून सोबतच्या मुलीने त्याच्यावर छत्री धरली. चाचा भिजत उभे. मुलीने विचारलं, "नक्की हीच ना रे?" तर म्हणतो, "कोणाला कळतंय!"

शेवटच्या पाच सेकंदांत भारतरत्नाची मागणी करा.

आणि "एवढ्या मोठ्या गायकाची साधी कबरही राखता आली नाही," असा संताप व्यक्त करायला विसरू नका. राखायची म्हणजे काय करायचं होतं हो? संगमरवर, कुंपण, तिकीट? इथे एका कबरीच्या जागी काही वर्षांनी दुसऱ्याला पुरतात. नाहीतर मुंबईतल्या माणसाने मयत घेऊन जायचं कुठे? पद्मश्री असो नाहीतर पाववाला, माती तीच मिळते. रफींच्या जागेवर आता दुसऱ्या कोणाची आई निजलेली असेल, कोणाचा तरणा मुलगा. तुम्ही बुटांनी तुडवता आहात ते त्यांना.

त्या चाचांना बाजूला व्हा म्हणणारे तुम्ही कोण? तुमच्या वडिलांच्या दहाव्याला घाटावर येऊन कोणी "काका, पिंड जरा सरकवा, फ्रेममध्ये येतोय" म्हणाला असता, तर त्याचे दात घशात घातले असतेत. तिथे भावना दुखावतात, आणि इथे शूट? चाचा काही बोलले नाहीत, म्हणून तुम्हाला वाटलं चालतंय. त्यांचं माणूस गेलं होतं, मूर्खांनो. भांडायला ताकद कुठून आणणार?

रफी ऐकायचे तर घरी ऐका, गाणी काही कमी ठेवून गेले नाहीत ते. तरी जायचंच असेल तर फोन खिशात ठेवा, पाय कुठे पडतोय ते बघा, आणि फातिहा येत नसेल तर तोंड बंद ठेवून उभे राहा. आणि तो गॉगल काढा आधी.