ड्रमरचं गाणं, आणि त्यात अर्धा वेळ ड्रमच नाहीत

आर.ई.एम. या बँडचं 'एव्हरीबडी हर्ट्स' हे गाणं सेंटी आहे, बाळबोध आहे, रॉक बँडला शोभत नाही, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालायचाच कंटाळा येतो, पण काल परत कुणीतरी तेच लिहिलं आणि म्हटलं आज एकदाचं बसून सगळं लिहूनच टाकूया. गंमत बघा, असं म्हणणारे बहुतेक जण आर.ई.एम.चे कट्टर फॅन असतात. ज्यांना बँड फारसा माहीत नाही त्यांना हे गाणं मनापासून आवडतं, आणि ज्यांना बँडच्या सगळ्या अल्बमची नावं तोंडपाठ आहेत ते नाक मुरडतात.

त्यांचं नाक का मुरडतं ते मला कळतं. आर.ई.एम. म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचा बँड, 1980 मध्ये सुरू झालेला, चौघं जण. मायकल स्टाइप गाणार, पीटर बक गिटार, माइक मिल्स बेस गिटार आणि कीबोर्ड, बिल बेरी ड्रम्स. 1983 चा त्यांचा पहिला अल्बम 'मर्मर' ऐका, स्टाइप काय गातोय ते कळतच नाही. अक्षरशः पुटपुटतो. शब्द अर्धे गिळलेले, अर्थ लागला तर लागला, आणि फॅन लोक वर्षानुवर्षं त्यावर डोकेफोड करत बसायचे, त्यातच मजा होती. आता असल्या बँडने 1992 मध्ये अचानक एक गाणं करावं ज्यात एकूण एक शब्द पहिल्या फटक्यात कळतो, लहान पोरालाही कळेल, सगळ्यांनाच कधी ना कधी दुखतं, रडू येतं, थांब, सोडून देऊ नकोस, बास एवढंच. कोडी सोडवायची सवय लागलेल्या माणसाला हे म्हणजे फसवणूकच वाटणार.

पण ते मुद्दाम तसं केलंय हो! पीटर बकने 2003 च्या त्यांच्या बेस्ट ऑफ अल्बमसोबतच्या टिपणात सरळ सांगितलंय की शब्द एरवीपेक्षा इतके सरळ आहेत कारण गाणं टीनएजर पोरांसाठी होतं. ज्याला आता या क्षणी सगळं संपवून टाकावंसं वाटतंय त्या पोराला तुम्ही कोडं घालणार का? त्याच्यासमोर रूपक, प्रतीक, तीन अर्थांच्या ओळी ठेवणार? तिथे एकच गोष्ट चालते, समोरच्याने तुमच्याकडे बघून साध्या भाषेत बोलणं. आणि हे जाणूनबुजून करणं अवघड असतं, विशेषतः ज्याची ख्यातीच अवघड लिहिण्याची आहे त्याला. स्टाइपला चतुर ओळी सुचत नव्हत्या असं थोडंच आहे, त्याच अल्बममध्ये ढीगभर आहेत.

आता मला खरं जे सांगायचंय ते. हे गाणं धीर देतं कारण ते करताना प्रत्येकाने आपापला हात आखडता घेतलाय. सुरुवात झाली ड्रमरपासून. हो, गाण्याचा मूळ तुकडा बिल बेरीने आणला. बकच्या सांगण्यानुसार तो जेमतेम मिनिटभराचा होता, कंट्री वळणाचा, गिटारवर झणझण करत गोल गोल फिरणारा, कोरस नाही, मधला भाग नाही, काही नाही. मग चौघांनी त्याला चार प्रकारे उलटंपालटं करून बघितलं आणि शेवटी ते जाऊन पोचले मेंफिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या जुन्या सोल गाण्यांच्या (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भावभरलं संगीत) वळणावर, ओटिस रेडिंग वगैरे गायक. ऐकताना लक्षात येतं बघा, तो सहा मात्रांचा संथ झोका, आपल्या दादऱ्याच्या अंगाने जाणारा, आणि गिटारचे सूर एकेक सुटे. कुठेही घाई नाही. दुःखात असलेल्या माणसाला घाई करणारी माणसं नको असतात, हे त्या लयीलाच कळलंय.

आणि मग मजा अशी झाली की कोण काय वाजवणार हे ठरता ठरता ज्याने गाणं आणलं तो बिल बेरीच मूळ ट्रॅकवर वाजवायचा राहिला. बक, मिल्स आणि एक ड्रम मशीन, अगदी साधंसुधं, टक टक करणारं, यांनी पाया रेकॉर्ड केला, बाकीचं सगळं नंतर वर चढवलं. म्हणजे विचार करा, तुम्ही ड्रमर, गाणं तुमचं, आणि त्यात अर्धा वेळ एक स्वस्तातलं यंत्र तुमच्या जागी टकटकतंय. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता निदान पहिल्या कडव्यापासून तरी मला घ्या. हा गप्प बसला, आणि जेव्हा गाणं मधल्या भागात येतं, जिथे स्टाइप आवाज चढवून सांगतो की तू एकटा नाहीस, तिथे पहिल्यांदा खरे ड्रम्स पडतात. अर्धं गाणं वाट बघून. गाण्याला तोपर्यंत एका यंत्राची सोबत होती आणि आता एक हाडामांसाचा माणूस येऊन बसला, हे कानाला आपोआप कळतं, कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही. मला स्वतःला त्या जागी दरवेळी अंगावर काटा येतो, आणि हे सगळं माहीत नव्हतं तेव्हाही यायचा.

तिथेच व्हायोलिन वगैरे पण फुलतात. ती अरेंजमेंट कुणाची माहितीये? लेड झेपलिनचा बेसिस्ट जॉन पॉल जोन्स. सत्तरच्या दशकातल्या सगळ्यात दणदणाटी बँडमधला माणूस! या अल्बममधल्या चार गाण्यांची स्ट्रिंग्ज त्याने केली, वाजवणारे अटलांटा सिम्फनी ऑर्केस्ट्राचे. आणि त्याने पण मेलोड्रामा केला नाही. रॉक बॅलडमध्ये, म्हणजे संथ भावुक गाण्यात, व्हायोलिनं म्हणजे बहुतेक वेळा रडा आता, रडा, अशी जबरदस्ती असते. इथे ती उशिरा येतात, गाण्याला आधार देतात, आणि गाणाऱ्याच्या पुढे जात नाहीत. (प्रोड्यूसर स्कॉट लिटला पण श्रेय द्यायला हवं, त्याचं नाव कुणी घेत नाही.)

अल्बमचं नाव 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल', अथेन्समधल्या एका खाणावळीचं ते ब्रीदवाक्य होतं. ऑक्टोबर 1992. आदल्या वर्षी 'लूझिंग माय रिलिजन' जगभर गाजलेलं, पैसा, प्रसिद्धी सगळं आलेलं, आणि आधी त्यांचा विचार होता की आता जोरदार गिटारवाला रॉक अल्बम करायचा. झालं उलटंच. मरण, म्हातारपण, गेलेली माणसं, निसटलेलं तारुण्य असल्या विषयांवर जवळजवळ अख्खा अल्बम, तोही तिशीतल्या पोरांनी केलेला. टूर नाही, मुलाखती फार नाहीत, त्यामुळे स्टाइप आजारी आहे, मरायला टेकलाय अशा अफवा पेपरांमधून फिरायला लागल्या. लोकांना काय, गाणं दुःखाचं म्हणजे गाणाऱ्याला काहीतरी झालेलंच असणार. दुसऱ्याच्या दुःखाचा नुसता विचार करून कुणी लिहू शकतं हे आपल्याला पटतच नाही लवकर.

त्या अल्बममध्ये हे गाणं का बसतं तेही सांगते. बाकीची बरीच गाणी मरणाकडे बघतात, हे वळून ऐकणाऱ्याकडे बघतं. बाकी बहुतेक ठिकाणी 'मी' आहे, 'तो' आहे, गोष्टी आहेत. इथे सरळ 'तू'. आणि त्या 'तू'ला गाणं काहीच समजावत नाही. उद्या सगळं छान होईल असं वचन देत नाही, देवाची इच्छा म्हणत नाही, तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेतले लोक आहेत असलं दळभद्री काही ऐकवत नाही. कुणी गेल्यावर भेटायला येणारे लोक जे जे बोलतात ना, त्यातलं जवळजवळ काहीही या गाण्यात नाही. शेवटी तर एकच शब्दप्रयोग राहतो, धरून राहा, आणि तोच परत परत, गाणं विरेपर्यंत. समीक्षक म्हणतात रिपिटेटिव्ह आहे. अहो, कुणाजवळ रात्रभर बसलाय का कधी? तुम्ही पण तेच तेच बोलता. वेगवेगळी वाक्यं सुचत नाहीत आणि सुचली तरी उपयोग नसतो.

1993 मध्ये हे गाणं सुटं, सिंगल म्हणून आलं. ब्रिटनमध्ये सातव्या नंबरपर्यंत गेलं, अमेरिकेत जेमतेम 29. म्हणजे आज आपल्याला वाटतं तेवढं घरच्या मैदानावर गाजलं नव्हतं, चार्टवर तरी. गाजवलं व्हिडिओने. जेक स्कॉट डिरेक्टर, हा सिनेमा दिग्दर्शक रिडली स्कॉटचा मुलगा. टेक्सासच्या सॅन अँटोनियोमध्ये आय-10 हायवेवर शूटिंग. प्रचंड ट्रॅफिक जॅम, गाड्यांच्या रांगा, प्रत्येक गाडीत कुणी ना कुणी गप्प बसलेलं, आणि त्यांच्या मनातलं खाली सबटायटलमध्ये येतं. कुणाला कुणाच्या मनातलं ऐकू जात नाही, फक्त बघणाऱ्याला वाचता येतं. इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या एका सिनेमाच्या सुरुवातीवरून कल्पना घेतली होती. शेवटी सगळे गाड्या तिथेच सोडून उतरतात आणि चालायला लागतात. 1994 ला एमटीव्हीची चार अवॉर्ड्स मिळाली. मला तो व्हिडिओ आवडतो, पण थोडा जास्तच सुंदर आहे असं पण वाटतं, गाण्याला जी साधेपणाची शिस्त आहे ती व्हिडिओला नाही. असो, मतं आपापली.

मला त्याहून भारी वाटते ती 1995 ची गोष्ट. ब्रिटनमध्ये समॅरिटन्स नावाची संस्था आहे, मन मोकळं करायला कुणीच नाही अशा माणसांचे फोन ऐकणारी. तरुण मुलं आत्महत्या करतायत पण फोन काही करत नाहीत म्हणून त्यांनी पेपरात जाहिरात दिली. त्यात काय होतं? या गाण्याचे शब्द आणि संस्थेचा फोन नंबर. फोटो नाही, उपदेश नाही. आणि पेपरात तर चाल पण नसते, म्हणजे ज्या शब्दांना लोक बाळबोध म्हणत होते तेच शब्द एकटे, उघडे, छापील कागदावर उभे करून या लोकांनी त्यांच्यावर भरवसा ठेवला, आणि हे लोक रोज असल्या पोरांशी बोलणारे, त्यांना कळत असणार ना कुठली भाषा चालते. कुठल्या रिव्ह्यूमधल्या किती स्टार्सपेक्षा मला ती जाहिरात मोठी पावती वाटते.

स्टाइप नंतर म्हणालाय की हे गाणं लगेचच सगळ्यांचं झालं, आमचं राहिलंच नाही, आणि त्याचा त्याला आनंद आहे. चांगलं आहे. पण सगळ्यांचं झालं म्हटल्यावर सगळ्यांच्या तावडीतही सापडतं. 2019 च्या फेब्रुवारीत ट्रम्पने एक व्हिडिओ शेअर केला, त्यात विरोधी पक्षातल्या लोकांचे उतरलेले चेहरे आणि मागे हे गाणं. खिल्ली उडवायला! ज्या गाण्याचा अख्खा मुद्दाच हा की रडणाऱ्याला हसू नका, ते हसायला वापरलं. माइक मिल्स भडकला, बँडच्या बाजूने तक्रार गेली आणि व्हिडिओ काढला गेला. बरं झालं.

आणि त्याच्याही आधीचं ते हैती प्रकरण. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भयंकर भूकंप झाला, टीव्हीवरच्या टॅलेंट शोंचा जज सायमन कॉवेलने मदतनिधीसाठी हेच गाणं परत रेकॉर्ड केलं, लिओना लुईस, रॉड स्टुअर्ट, मराया कॅरी, काइली मिनोग, रॉबी विल्यम्स, सुसान बॉइल, जॉन बॉन जोव्ही, सगळी जत्रा. आर.ई.एम.ने रॉयल्टी सोडली. ब्रिटनमध्ये नंबर एकला गेलं, म्हणजे मूळ गाण्याला जे जमलं नाही ते याला जमलं. हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही, पैसा योग्य ठिकाणी जात असेल तर गाणं कसंही असो. पण ऐकून बघा एकदा. प्रत्येकाला एक एक ओळ मिळालीये आणि प्रत्येक जण त्या एका ओळीत आपली सगळी गळ्याची कसरत दाखवून मोकळा होतोय. हरकती, मुरक्या, दम. मूळ गाण्यात चौघांनी जे जे टाळलं होतं ते सगळं इथे एकेकाने परत आणून ओतलंय. तू एकटा नाहीस हे वाक्य पंचवीस स्टार मिळून म्हणतात तेव्हा ते मला घोषणेसारखं वाटतं. एकच माणूस, जरा कातर, जरा बेसूर व्हायच्या काठावरचा, जेव्हा तेच म्हणतो तेव्हा त्यात निदान दोघं तरी असतात, तो आणि मी.

हे लिहिताना जाणवलं की बिल बेरीचं नाव मीच इतक्या वेळा घेतलंय, एरवी या गाण्याबद्दल बोलताना कुणी घेत नाही, कारण आर.ई.एम.च्या गाण्यांवर नेहमी चौघांची नावं सारख्या हक्काने असायची, कुणी काय केलं ते वेगळं लिहायचं नाही हा त्यांचा नियम. 1995 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या कॉन्सर्टमध्ये स्टेजवरच त्याला मेंदूतल्या रक्तवाहिनीचा त्रास झाला, वाचला, आणि 1997 मध्ये बँड सोडून शेती करायला गेला. बाकी तिघं 2011 पर्यंत चालत राहिले.

तेव्हा पुढच्या वेळी सेंटी म्हणायच्या आधी फक्त ड्रम्स कुठे येतात तेवढं लक्ष देऊन ऐका, हेडफोन लावून, मूळ व्हर्जन. हैतीवालं मला पाठवू नका, दोघांनी ऑलरेडी पाठवलंय.