लक्षद्वीपचा ‘लोकसंख्या स्फोट’: आधी जनगणना तरी उघडा

‘लक्षद्वीपमध्ये घरटी पाच-सहा मुलं, वीस वर्षांत लोकसंख्या दुप्पट, दोन अपत्यांचा कायदा आणाच!’ हा मेसेज आता आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही पोचलाय. म्हणून एकदाच लिहितो.

घरटी पाच-सहा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत लक्षद्वीपचा प्रजनन दर (एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं) 1.4 आहे, महाराष्ट्राचा 1.7. म्हणजे मेसेज पाठवणाऱ्यांच्याच राज्यात मुलं जास्त होतात. सर्वेक्षणाचा नमुना लहान असतो हे मान्य, दशांशाला चिकटू नका. पण जनगणनाही तेच सांगते. सहा वर्षांपर्यंतची मुलं 2001 मध्ये नऊ हजारांच्या आसपास होती, 2011 मध्ये सव्वासात हजारांच्या आसपास. एकूण माणसं वाढली आणि पोरं घटली, याला स्फोट म्हणतात होय?

‘दुप्पट’ तर कधीच नाही. 1971 ते 1991 या काळात वाढ जोरात होती खरी, 31,810 वरून 51,707. पण 2001 ते 2011 या दहा वर्षांत ती जेमतेम 6.3 टक्के, 60,650 वरून 64,473. त्याच दशकात देश 17.7 टक्क्यांनी वाढला.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य: दाटी भयंकर आहे, चौरस किलोमीटरला दोन हजारांवर माणसं. वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर असतो, जास्त उपसा केला की विहिरीत खारं पाणी येतं. म्हणूनच कवरत्तीला 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प चालवावा लागतोय. तो प्रश्न पाण्याचा आहे. बाळंतपणं मोजून सुटणार नाही.

आता तो कायदा. 2021 च्या लक्षद्वीप पंचायत नियमांच्या मसुद्यात दोनहून जास्त मुलं असणाऱ्यांना निवडणूकबंदी होतीच, तिथूनच हे पीक आलंय. प्रजनन दर 1.4 वर टिकला तर आजच्या शंभर बायकांमागे पुढच्या पिढीत साधारण 67 बायका, त्यापुढच्या पिढीत 45. त्यात शिक्षण-नोकरीसाठी तरुण केरळात जाणार. मागे उरणार ते म्हातारे. गंभीर दुखणं झालं की कोचीला न्यायचं, हेलिकॉप्टर मिळालं तर ठीक, नाहीतर जहाज. काही बेटांवर जहाज धक्क्याला लागतच नाही, खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसं होडीतून त्यावर चढतात. पावसाळ्यात, खुब्याचं हाड मोडलेल्या पंचाहत्तरीच्या आजींना तसं चढवायला चार तरणे हात लागतात. ते कुठून आणणार, तेवढं त्या मेसेजमध्ये नाही.