घोडबंदरच्या बाल्कनीतून डुक्कर दिसत नाही

ठाण्याच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस वाद चाललाय, शेतकऱ्याला रानडुक्कर मारायची परवानगी द्यावी का. एकविसाव्या मजल्यावरून येऊरचा डोंगर बघणारी माणसं लिहितायत की ही कत्तल आहे, कुंपण घाला ना. जाम डोकं फिरलं माझं. मामाचं शेत मुरबाडला आहे, शाळेत असताना मी त्याच्यासोबत शेतातल्या माळ्यावर राखणीला बसलोय, रात्रभर डबे बडवायचे आणि पहाटे जरा डोळा लागला की कळप येऊन तयार भात लोळवून जायचा.

मी आता टेक्सासात राहतो. इथे 2019 पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की डुक्कर मारायला शिकारीचं लायसन्स लागत नाही. मी ऑफिसातल्या एकाच्या रँचवर जातो. थर्मल स्कोपमधून, म्हणजे बंदुकीवरच्या उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीतून, काळोखात जनावर पांढरं दिसतं, पण वासरूही पांढरंच दिसतं, म्हणून चाल बघायची, मान बघायची, मागे काय आहे ते बघायचं आणि मगच ट्रिगर. काचेतून थर्मलला दिसत नाही, थंडीतही पिकअपची काच खाली. आणि गोळी! मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड चिवट ढाल असते, हलकी पटकन फुटणारी गोळी तिथेच फुटते आणि जनावर लंगडत कुठेतरी जाऊन तडफडतं. म्हणून मी थ्री-नॉट-एट रायफलमध्ये अख्ख्या तांब्याची गोळी घालतो, ती खोल जाते. हृदयही हरणापेक्षा खाली आणि पुढे असतं, हरणासारखा नेम धरला तर चुकतं.

याला क्रूर म्हणणाऱ्यांनी गावठी बॉम्ब चावलेलं डुक्कर बघावं, जबडा उडालेलं, तरी चालणारं. डुकरासाठी लावलेल्या क्लचवायरच्या फाशात बिबट्या अडकतो, कुंपणात सोडलेल्या करंटने माणसं मरतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठी परवानगीची सोय आहे, केरळने 2022 मध्ये ती पंचायतीच्या हातात दिली, पण आपल्याकडे कागद फिरेपर्यंत पीक संपतं.

ग्रुपवर एकजण म्हणाला, तिकडची डुकरं बाहेरून आणलेली, आपली इथलीच, वाघ-बिबट्याचं खाणं. हे खरंय, मान्य. टेक्सासात त्यांना संपवायचंच आहे, आपल्याकडे नाही. पण म्हणून मामाने किती वर्षं डबे बडवायचे?

दिवाळीला फोनवर मामाने विचारलं, "तिकडे कुणाचं शेत राखतोस रे?" मी म्हटलं ऑफिसातल्या एकाचं. तो "बरं" म्हणाला आणि आईला दे फोन म्हणाला. आई तेव्हा इथेच आलेली. नंतर तिच्याकडून कळलं, खालची दोन खाचरं तीन वर्षं पडीक आहेत, एकट्याने राखण होत नाही त्याच्याने.

काल ग्रुपवर कुणीतरी मलाच विचारलं, एवढं आहे तर तू येतोस का राखायला. उत्तर दिलं नाही अजून. डिसेंबरचं तिकीट काढलंय, तोवर भात कापून झालेला असतो.