वाट दिली म्हणून जमीन जात नाही

"शेतातून कुणाला वाट दिलीत, बांधावर कुणाची जनावरं बांधू दिलीत, तर १२ वर्षांनी ती जमीन त्याची. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. आजच कुंपण घाला." हा मेसेज उन्हाळ्यात आमच्या गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरला, आणि आठवड्याभरात मळ्याकडच्या बांधावर काटेरी तार आली. शेजारच्या आत्या त्याच बांधावरून कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन यायच्या. आता ओढ्यातून वळसा घालून येतात. पाऊस लागला की त्या ओढ्याला गुडघाभर पाणी असतं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी १२ वर्षांचं. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात मालकाला जमिनीचा ताबा परत मागायला १२ वर्षांची मुदत आहे, हे खरं. पण ती मोजायची कधीपासून? समोरच्याचा ताबा मालकाच्या विरोधात गेला तेव्हापासून. म्हणजे "ही जमीन माझी, तुझा काही संबंध नाही" अशा थाटात, उघड आणि सलग ताबा हवा. तुम्हीच "बांध की जनावरं, काय होतंय" म्हणालात, तर तो माणूस तुमच्या मर्जीने तिथे आहे. नुसत्या मर्जीवर तो ५० वर्षं राहिला तरी मालक होत नाही. आणि वाटेने ये-जा करणाऱ्याकडे तर ताबासुद्धा नसतो.

सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल आहे, रवींदर कौर ग्रेवाल यांच्या खटल्यातला. त्यात एवढंच ठरलं की विरोधी ताब्याने, म्हणजे वर सांगितलेल्या तशा १२ वर्षांच्या ताब्याने, हक्क मिळालेला माणूस त्यासाठी स्वतःही दावा लावू शकतो. तो हक्क फक्त बचावापुरता नाही. परवानगीने बसलेला मालक होतो, असं त्यात कुठेही नाही.

मेसेजच्या शेपटीला आणखी एक होतं: पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पिकांच्या नोंदीत, नाव लागलं की खेळ संपला. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकीचा वाद दिवाणी कोर्टात सुटतो. तरी चुकीचं नाव लागलेलं दिसलं तर गप्प बसू नका, तलाठ्याकडे लगेच लेखी हरकत द्या.

इथे एक कबूल करायला हवं. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिला. कसायला दिलेल्या जमिनी कसणाऱ्या कुळांच्या मालकीच्या झाल्या, ती धास्ती घराघरात राहिली, आणि ती खोटी नाही. आजही वाट्याने जमीन देताना वकिलाला विचारूनच द्या. पण कसायला देणं वेगळं आणि बांधावरून जाऊ देणं वेगळं.

आता कुंपण. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. एखादी वाट २० वर्षं उघडपणे, बिनतक्रार, परवानगी न घेता हक्काने वापरात असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने वहिवाटीचा हक्क मिळू शकतो. जमीन तुमचीच राहते, वाट मात्र बंद करता येत नाही. अशा वाटेवर तार ओढली, तर समोरचा सहा महिन्यांच्या आत मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे जातो, आणि अडथळा काढायचा हुकूम तुमच्यावर निघू शकतो. म्हणजे जमीन वाचवायला निघालात आणि तारखांना हेलपाटे मात्र तुमचेच.

हक्काने वापरलं तर वहिवाट लागते, परवानगीने वापरलं तर लागत नाही. म्हणून नव्याने वाट देताना साध्या कागदावर लिहा: अमुक गटातल्या बांधावरून पायी व बैलगाडीने जायला मी आजपासून परवानगी देत आहे, ही वाट परवानगीने आहे, हक्काने नाही, आणि मी सांगेन तेव्हा बंद होईल. तारीख घाला, दोघांच्या सह्या घ्या, दोन साक्षीदार घ्या. फक्त त्या जागेवर पक्कं बांधकाम करू देऊ नका. परवानगीच्या भरवशावर कुणी खर्च करून कायमचं बांधलं, तर ती परवानगी मागे घेणं अवघड होतं.

तार ओढणाऱ्या भाऊंना मी हा मजकूर लिहून नेऊन दिला आहे. मुलाला दाखवतो म्हणाले.